उचल आणि शिल्लक

(सोनई येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पैसे साठवण्यावर मी बोलणार म्हटल्यावर काही दोस्त हसले. म्हणाले, तू कविता लिहितोस, गोदीत ओझी वाहतोस, पासबुकावर काय बोलणार? साठवणं हे शेटजीचं काम. आपलं काम व्यवस्था फोडायचं.

मला हे मान्य नाही. कुणी साठवायचं आणि कुणी साठवायचं नाही, हे या देशात जातीनं ठरवलंय. मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढून बघा. शूद्राच्या अंगात ताकद असली तरी त्यानं धन साठवू नये, असं तिथं लिहून ठेवलंय. चांडाळाची मालमत्ता कोणती? कुत्री आणि गाढवं. ताटं फुटकी, कपडे मढ्यावरचे. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ही पोथी जाळली, तेव्हा हा नियमही जळाला. तो आपल्याच खिशातून पुन्हा उगवणार असेल तर जाळून उपयोग काय?

आपल्या आज्या-पणज्यांनी साठवलं नाही, कारण साठवण्यासारखं काही त्यांच्या हातात पडूच दिलं नाही. बलुतं म्हणजे काय? वर्षभर गावाची सांगकामं, मेलेली जनावरं, सांगावे, दवंडी, आणि बदल्यात खळ्यावरचे दाणे नि दारोदारची भाकरी. शिळी भाकरी साठवता येत नाही, बुरशी धरते. रोकड हातात आली असती तर माणूस गाव सोडून गेला असता. म्हणून रोकड द्यायचीच नाही.

बलुतं गेलं, उचल आली. तुम्हाला सोनईत उचल समजावून सांगायला नको. मुळा सहकारी साखर कारखाना इथंच आहे. गाळप सुरू झालं की उसाच्या फडात तोडणीवाल्यांच्या टोळ्या उतरतात. या धंद्यात कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. माणसाला हत्याराचंच नाव पडलं! हंगाम सुरू व्हायच्या आधीच मुकादम उचल देतो. ती दवाखान्यात, लग्नात, जुन्या देण्यात विरते. मग सहा-सहा महिने घाम गाळायचा तो खाऊन झालेल्या पैशासाठी. फेड झाली नाही तर बाकी पुढच्या हंगामाला चिकटते.

आणि आपण शहरात राहणारी पोरं लई शहाणी? हप्त्यावर मोबाईल, हप्त्यावर गाडी, फायनान्सवाल्याचा आठवड्याला फेरा, ही उचलच आहे. फक्त मुकादमानं इस्त्रीचा शर्ट घातलाय. उचल म्हणजे उद्याचा दिवस आजच विकणं. शिल्लक म्हणजे उद्याचा दिवस स्वतःच्या नावावर ठेवणं. आज मला एवढंच सांगायचंय.

आता हे कुणी करून दाखवलं ते बघू. बाबासाहेबांची कोलंबियाची शिष्यवृत्ती सयाजीरावांची, हे आपल्याला पाठ असतं. त्याच्या पुढचं आपण पटकन उलटतो. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परत यावं लागलं. सामान वेगळ्या बोटीनं यायचं होतं. ती महायुद्धात बुडाली, पुस्तकं समुद्रात गेली. लंडनच्या विद्यापीठानं सवलत दिली ती चार वर्षांची. तेवढ्यात परत आलात तर पुढे शिका. म्हणजे डोक्यावर मुदत, आणि खिसा रिकामा.

नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार महिना ४५० रुपये. त्या काळी ही मोठी रक्कम. दुसरा कुणी असता तर बंगला बघितला असता. हा माणूस परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांतच राहिला. घरखर्चाला ठराविक रक्कम द्यायची, बाकी लंडनसाठी बाजूला. जुलै १९२० मध्ये ते बोटीत बसले तेव्हा जवळ स्वतःची शिल्लक होती, शाहू महाराजांची मदत होती आणि नवल भथेना या दोस्ताकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज होतं. वय एकोणतीस.

लंडनमध्ये त्या पैशानं काय घेतलं? सूट? चैन? सकाळी पावाचा तुकडा, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय, रात्री भूक लागली तर पापड. त्यांनी वेळ विकत घेतला, मित्रांनो. वरच्या जातीच्या पोराला वाचायला बसायचा वेळ बापजाद्यांकडून वारशानं मिळतो. आपल्याला तो पै-पै करून साठवावा लागतो. त्या वेळातून १९२३ मध्ये डी.एस्सी. झाली. प्रबंध कशावर? रुपयाच्या प्रश्नावर! रुपया मोजून मोजून खर्चणाऱ्यानं रुपयाचीच उलटतपासणी केली.

काही जण म्हणतात, स्वतःसाठी साठवायला लागलं की माणूस चळवळीतून उठला. तारखा बघा. लंडनसाठी पैसे साठवत असतानाच, ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघालं. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. एका हातात शिल्लक, दुसऱ्या हातात वर्तमानपत्र. आपल्याला दोन हात असतात, ते कशाला?

पण या हिशोबात एक नाव दाबलं जातं. ती शिल्लक रमाईच्या चुलीतून निघाली. ठराविक रकमेत घर ओढलं तिनं. नवरा सातासमुद्रापार असताना टंचाई सोसली तिनं. आपण तिच्या त्यागाची गाणी गातो नि आपल्या घरातल्या बाईची वही मात्र बघत नाही.

आता माझी वही उघडतो. गोदीत मी कंत्राटी. १९८९ मध्ये पलीकडे न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, कंटेनर तिकडं गेले, आणि मुंबईच्या गोदीतली माणसं कमी कमी होत गेली. आम्हा कंत्राटी पोरांना हजेरी लागली तर पैसा, नाहीतर हात हलवत खोलीवर. महिन्याकाठी सरासरी चौदा हजार पडतात. कॉटचं भाडं तीन हजार, खानावळ चार, लोकल-मोबाईल एक, घरी तीन. उरले तीन. त्यातले पाचशे ताप-खोकला खातो. अडीच हजार बाजूला.

कशासाठी? मला एक वर्ष पाहिजे. एक अख्खं वर्ष, ज्यात सकाळी हजेरीला पळायचं नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी करायची, दिवसभर ग्रंथालयात बसायचं. पुढं वकिली. वर्षाला कॉट, खानावळ, फी, पुस्तकं धरून महिना नऊ हजार, म्हणजे एक लाख आठ हजार. अडीच हजारानं त्रेचाळीस महिने साठवले तरी पाचशे कमीच पडतात! आणि घरचे तीन हजार यात धरलेलेच नाहीत. आई म्हणाली, “एक साल नको धाडू, मी खुरपायला जातेच की.” म्हणजे छत्तीस हजार तिचे. वहीत मी तिचं नाव पहिलं लिहिलंय. तुमच्याही वहीत लिहा, आणि बहिणीची पाळी आली की तेवढंच तिच्यासाठी भरा.

पैसा ठेवायचा कुठं? इथून हाकेवर शिंगणापूर. दाराला दार नाही, कुलूप नाही. २०११ मध्ये युको बँकेनंही तिथं बिनकुलपाची शाखा काढली. देव राखतो म्हणतात. आपण देवावर ठेवू नये, आणि गोड बोलणाऱ्यावर तर नकोच. नगर अर्बन बँक जुनी नि नावाजलेली. रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचा परवाना रद्द केला. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नसतो. जादा व्याजाची पाटी वाचताना हे आठवा. पोस्टात महिना शंभर रुपयांपासून आवर्ती ठेव सुरू होते. ओळखीच्या बायांचा बचत गट असेल तर त्याहून चांगलं, कारण तिथं हिशोब सगळ्यांसमोर वाचला जातो. आणि ज्या दिवशी पगार, त्याच दिवशी बाजूला. महिनाअखेर उरेल ते टाकू म्हणणाऱ्याचं कधी उरत नाही.

आता शेवटचं, आणि कडू. शिल्लक म्हणजे मुक्ती नव्हे. १९१७ मध्ये कोलंबियाचं शिक्षण घेऊन बडोद्याला गेलेल्या माणसाला जात कळताच राहत्या जागेतून हाकललं. आणि याच सोनईच्या शिवारात १ जानेवारी २०१३ ला तीन मेहतर तरुणांना संडासाच्या टाकीच्या कामाला म्हणून बोलावलं आणि कापलं. प्रेमाच्या संशयावरून, जातीवरून. २०१८ मध्ये नाशिकच्या न्यायालयानं सहा जणांना फाशी सुनावली. सुरी आली तेव्हा कुठलं पासबुक आडवं आलं असतं? जो सांगतो की काटकसर करा, जात आपोआप जाईल, तो थापा मारतो. अडीच हजार मागे टाकता यावेत म्हणून आधी हजेरी पाहिजे, रास्त मजुरी पाहिजे, वेळेवर शिष्यवृत्ती पाहिजे, आणि जिवंत राहायची हमी पाहिजे. ते संघटनेशिवाय मिळत नाही.

पण संघटनेला माणसं लागतात, आणि उचलीत बुडालेल्याला मोर्च्याला यायलाही मुकादमाची परवानगी लागते. ज्याच्याकडे दोन महिन्यांचं पीठ आहे तो ‘नाही’ म्हणू शकतो. संप म्हणजे तरी काय? सगळ्यांनी मिळून म्हटलेलं नाही. ते किती दिवस टिकेल हे घरच्या डब्यावर ठरतं.

म्हणून साठवा. वकील व्हायला, नर्स व्हायला, छापखाना काढायला, नाहीतर नुसतं एक वर्ष वाचायला. लाजू नका. आपल्या हातात शिल्लक पडू नये म्हणून त्यांनी पोथ्या लिहिल्या. आपण एक वही लिहू.

जयभीम.