नातिचरामि : शस्त्रक्रियेनंतरचे सहा आठवडे

(वाशिम येथे कुटुंबांच्या एकत्रीकरणात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय चारचौघांत काढला की माना खाली जातात. स्तनाचा कर्करोग, त्यासाठी होणारी स्तन काढून टाकण्याची शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर घरी परतलेल्या गृहिणीची शुश्रूषा, असा हा विषय आहे. तो मांडताना संकोच बाजूला ठेवावा लागेल, कारण या संकोचाची किंमत आपल्याच माता-भगिनी मोजत आहेत. जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात या रोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे.

शस्त्रक्रिया करणे हे शल्यविशारदाचे काम. परंतु रुग्णालय काही दिवसांतच घरी पाठवते. पुढचे सहा आठवडे त्या स्त्रीचे काय होते, हे घर ठरवते. आणि घरात सर्वांत आधी तिचा पती. विवाहविधीत वर 'नातिचरामि' असे वचन देतो. या वचनाची खरी परीक्षा मंगल कार्यालयात होत नाही. ती या सहा आठवड्यांत होते.

घरी आल्यावर

शस्त्रक्रियेच्या जागी साचणारा द्रव बाहेर यावा म्हणून एक बारीक नळी बसवलेली असते. तिच्या टोकाला लहान पिशवी वा डबी असते. बहुतेक स्त्रिया घरी येतात त्या ही नळी घेऊनच. साबणाने हात धुवून ती डबी रिकामी करणे, द्रव किती मिलिलिटर आला ते मोजून वहीत तारखेसह लिहिणे, हे काम पतीने अंगावर घ्यावे. चोवीस तासांतला द्रव डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेखाली, बहुधा ३० मिलिलिटरच्या आत आला की नळी काढतात. त्या वेळी डॉक्टर वहीच मागतात. ताप, जखमेभोवती वाढती लाली, सूज, दुर्गंधीयुक्त स्राव यांपैकी काहीही दिसले, तर हळदीचा लेप लावून वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालयाशी संपर्क साधावा.

दुसरी गोष्ट हाताची. काखेतील गाठी काढल्या असतील, तर त्या बाजूचा हात आखडतो. 'हात हलवू नकोस, टाके तुटतील,' असा सल्ला शेजारणी मायेने देतात. तो चुकीचा आहे. मूठ उघडणे-मिटणे आणि कोपर वाकवणे हे व्यायाम पहिल्या दिवसांपासूनच करायचे असतात. नळी असेपर्यंत हात खांद्याच्या वर नेत नाहीत. ती निघाल्यावर, डॉक्टरांना विचारून, भिंतीवर बोटे चढवत नेण्याचा व्यायाम सुरू होतो. रोज पेन्सिलीने भिंतीवर खूण करावी. कालच्यापेक्षा खूण बोटभर वर गेली, तर त्या दिवशी त्या घरात सण समजावा.

हलवणे वेगळे आणि ओझे उचलणे वेगळे. आपल्या जिल्ह्यात हा फरक जाणणे फार महत्त्वाचे. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा या सहाही तालुक्यांतील घरांची शेती स्त्रियांच्या हातांवर उभी आहे. निंदण, सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी आणि घरी आल्यावर पाण्याचा हंडा! शस्त्रक्रिया भाद्रपदात झाली आणि आश्विनात सोंगणी आली, की 'बरी दिसते आहे' म्हणून तिच्या हाती विळा दिला जातो. काखेतील गाठी काढलेल्या हाताला सूज येण्याचा धोका वर्षानुवर्षे राहतो. विळ्याची लहान जखम, चुलीचा चटका, काट्याचा ओरखडा यातून संसर्ग होऊन सूज बळावू शकते. एका हंगामाची मजुरी वाचवण्याच्या नादात आयुष्यभराचा हात गमावणे, हा कोणत्याही हिशेबात नफा नव्हे.

मनाची जखम

शरीराची जखम दोन-तीन आठवड्यांत सांधते. मनाची मात्र बोलल्यावाचून सांधत नाही. स्त्री आरसा टाळते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जात नाही. पदर दोनदा सावरते. पतीने नजर चुकवली की ती मनातल्या मनात समजून घेते, आणि जे समजते ते बहुधा खरे नसते. पती घाबरलेला असतो. तिला वाटते, तो दुरावला आहे.

म्हणून पतीने जखम पाहण्याची तयारी ठेवावी. तिची इच्छा असेल तेव्हा, तिच्या संमतीने. परंतु ती दाखवील तेव्हा मान वळवू नये. हा रोग स्पर्शाने पसरत नाही. तिची ताट-वाटी वेगळी करणे, मुलांना तिच्याजवळ जाऊ न देणे, हे निव्वळ अज्ञान आहे. मुलांनाही त्यांच्या वयाला झेपेल अशा शब्दांत खरे सांगावे. कुजबुज ऐकून मुले सत्याहून भयंकर कल्पना करतात. बाहेर जाताना वापरण्यासाठी सुरुवातीला कापसाचे हलके आणि जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉनचे कृत्रिम स्तन मिळतात. त्यांचा उपयोग केवळ दिसण्यापुरता नाही. अंगाचा तोल राखण्यासही त्यांची मदत होते.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या संस्थापक डॉ. अनिता अवचट यांचे उदाहरण येथे आठवते. २९ ऑगस्ट १९८६ रोजी हे केंद्र सुरू झाले. पुढे त्यांना कर्करोगाने गाठले, तरी त्यांनी कामाचा ध्यास सोडला नाही. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे पती, लेखक अनिल अवचट, पत्नी नोकरी करत असताना घर आणि मुली सांभाळत असत; आपल्या लेखनातून त्यांनी हे मोकळेपणाने सांगितले आहे. विचारांची वाट कोणाची कोणतीही असो, यातला धडा सर्वांसाठी आहे. संकट येण्यापूर्वीच ज्याला वरण-भाताचा कुकर लावता येतो, त्याला संकटात पत्नीची सेवा करता येते. ज्याने आयुष्यभर पाण्याचा पेलाही स्वतः घेतला नाही, तो ऐनवेळी आजारी पत्नीलाच विचारतो, 'मीठ कुठे आहे?'

उपचार अर्ध्यावर सोडू नका

शस्त्रक्रिया म्हणजे शेवट नव्हे. काढलेल्या गाठीचा तपासणी अहवाल येतो आणि त्यावर केमोथेरपी, किरणोपचार वा गोळ्या ठरतात. काही स्त्रियांना संप्रेरकविरोधी गोळी पाच ते दहा वर्षे रोज घ्यावी लागते. 'आता बरे वाटते' म्हणून ती बंद करणे धोक्याचे. जडीबुटीवाल्याच्या नादी लागून केमोथेरपी टाळणे तर आत्मघातच. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने ८५० रुग्ण स्त्रियांवर योगाचा अभ्यास करून २०२२ मध्ये आशादायक निष्कर्ष मांडले. परंतु नीट लक्षात घ्या, तेथे योग औषधोपचारांच्या जोडीला होता. त्यांच्या ऐवजी नव्हे.

वाशिमचा माणूस या उपचारांसाठी अकोला, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबई गाठतो. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय जुने आहे. आबाजी थत्ते यांच्या नावाच्या संस्थेने उभारलेली राष्ट्रीय कर्करोग संस्थाही तेथेच आहे. समृद्धी महामार्गामुळे कारंजा, मंगरुळपीर, मालेगावकडून नागपूर जवळ आले आहे. मुंबईत परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन बाहेरगावच्या रुग्णांना आसरा देते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार समाविष्ट आहेत. कर्करुग्णांना रेल्वे प्रवासात सवलत मिळते. कागदपत्रांची एक फाइल करून ती सांभाळणे, तारखा लक्षात ठेवणे आणि प्रत्येक फेरीला सोबत जाणे, ही पतीची जबाबदारी.

समाजाचे काम

ज्या घरी पती एकटा पडला असेल, तेथे शेजाऱ्यांनी, कार्यकर्त्यांनी पुढे व्हावे. भेटायला जाताना फळांची पिशवी नेतोच. त्यापेक्षा एक वेळचा डबा न्यावा, मुलांचा अभ्यास घ्यावा, एक दिवस शेतात राबावे. 'अमकीला हाच रोग होता, ती गेली,' ही कथा मात्र दाराबाहेर ठेवून जावे. आणि घरी परतल्यावर आपल्या आई, पत्नी, बहीण यांना एवढेच विचारावे : एखादी न दुखणारी गाठ लपवून तर ठेवलेली नाही ना? आरंभीची गाठ बहुधा दुखत नाही, म्हणूनच ती फसवते. वेळेत सापडली, तर पुष्कळदा संपूर्ण स्तन काढावाही लागत नाही.

स्त्रीला आपण गृहलक्ष्मी म्हणतो. लक्ष्मीची पूजा वर्षातून एकदा होते. गृहलक्ष्मीची सेवा करण्याची वेळ मात्र पंचांग पाहून येत नाही. ती येईल तेव्हा आपल्या घरातील पुरुष हात धुवून, वही घेऊन, तिच्या उशाशी बसलेला असावा, एवढीच अपेक्षा.