संगणकाची भाषा आणि ग्रामपंचायत

शिरपूर तालुक्यातील रोहिणी ग्रामपंचायतीस २०२५ साली ई-शासनाचा राष्ट्रीय सुवर्ण पुरस्कार लाभला. जळगाव-धुळ्यातील इतर पंचायतींनी अशी प्रणाली करवून घेताना ती कोणत्या संगणकभाषेत लिहावी, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांवर सोपवू नये. पीएचपी स्वस्त सर्व्हरवरही चालते. जावास्क्रिप्ट ब्राउझरमध्येच चालत असल्याने घरपट्टीच्या नोंदीतील चूक तत्काळ दाखविते. सातपुड्याच्या पायथ्याशी रेंज तुटते तेथे हे मोलाचे. पायथनवर आधारलेले जँगो अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मले व २००५ साली सर्वांस खुले झाले. प्रोग्रॅमिंग न जाणणाऱ्या संपादकांना स्वतः मजकूर भरता यावा, म्हणून त्यात नोंदीचे नमुने आपोआप तयार होतात. पंचायतीच्या लिपिकास नेमके हेच हवे. म्हणून पहिला मान जँगोचा. मात्र मूळ प्रोग्रॅम पंचायतीच्या स्वाधीन करण्याची अट करारात असावी. अन्यथा कंत्राटदार गेल्यावर एक रकाना वाढविणेही दुरापास्त होते.