राज्य कशावर उभे राहते?
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)





वस्तीत काही झाले की आपण म्हणतो, 'सरकार काय करतंय?' पण सरकार म्हणजे तरी काय? पोलीस, कोर्ट, दंड, तुरुंग. म्हणजे सक्ती. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात बाबासाहेबांनी नेमके इथेच बोट ठेवले. हा निबंध १९८७ साली शासनाच्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात छापून आला. साम्यवादी सांगत, आधी कामगारांची हुकूमशाही येईल, पुढे राज्यसंस्था आपोआप गळून पडेल. बाबासाहेबांनी विचारले, केव्हा? आणि तिच्या जागी काय येणार? सक्ती गेल्यावर समाज कशाने टिकेल? त्यांचे उत्तर होते, धर्म. आपल्यासाठी तो बुद्धाचा धम्म. मनातून पटलेली नीती असेल, तरच दंडुक्याशिवाय माणसे नीट वागतात.

आपल्या लोकशाहीलाही त्यांनी सोडले नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी बजावले, की राजकारणात समता आणि समाजात विषमता ही विसंगती लवकर मिटवली नाही, तर विषमतेने पोळलेले लोकच लोकशाहीचा डोलारा उडवून देतील. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हेही तेव्हाच सांगितले. आणि ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सारे भिक्षुसंघात होते, याची आठवण करून दिली.

आता जरा आपल्याकडे बघू. मी स्वतः या विहाराच्या कमिटीत नऊ वर्षे होतो. आम्ही पाच जण आधीच ठरवायचो आणि सभेत विचारायचो, 'सर्वांना मान्य ना?' कोण नाही म्हणणार? एकदा एक आजी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बाबा, वर्गणी आमची घेता, मग हिशोब आम्हाला का वाचून दाखवत नाही?" आम्ही त्यांना खाली बसवले. त्या परत कधी सभेला आल्या नाहीत. संघात महत्त्वाचा ठराव तीन वेळा विचारला जाई. आम्ही एकदाही नीट विचारला नाही. ती चूक माझी होती, आज सर्वांसमोर कबूल करतो.

दिल्लीला जाब विचारायचा हक्क आपल्याला आहेच. पण आधी आपल्या दारात जाब देऊ. या पौर्णिमेपासून हिशोब मोठ्याने वाचला जावा, आणि तो एखाद्या भगिनीने वाचावा, एवढी माझी विनंती आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!