सभामंडप आणि घरची सांज



जीर्णोद्धार झाला म्हणजे कळस उजळतो, फरशी नवी होते, भिंतींना रंग लागतो. परंतु देऊळ ही केवळ दगड-विटांची वास्तू नव्हे. वाडवडिलांनी गाभाऱ्यापुढे सभामंडप बांधला तो माणसांनी एकत्र बसावे म्हणून. हरिपाठ, भजन, पुराण तेथेच. सोयरिकीची बोलणी, भाऊबंदकीचे तंटे, दुष्काळाची काळजी हीही तेथेच. चारचौघांत बोललेले दुःख निम्मे हलके होते.

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे ३,००० वस्तीचे गाव आहे. बहुतेक लोक शेतकरी आणि साखर कारखान्यातील कामगार. कोरोनाच्या साथीत शाळा बंद पडल्या व शिक्षण मोबाईलवर आले. शाळा पुन्हा भरल्या, तरी मुलांच्या हातचा मोबाईल सुटेना. मोठ्यांची नजर टीव्हीवरून हलेना. तेव्हा १४ ऑगस्ट २०२२ रोजी गावाने सभा भरवून ठरविले की, रोज सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजवावा आणि ८.३० पर्यंत टीव्ही व मोबाईल बंद ठेवावेत. हा भोंगा बसविला तो गावच्या देवळावर!

आरंभी पुरुषमंडळी या कल्पनेला हसली. परंतु मालिकांचा नाद आपल्यालाही लागत चालल्याचे महिलांनी मोकळेपणी कबूल केले आणि त्याच पुढे झाल्या. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी व निवृत्त शिक्षक घरोघर फिरून समजावू लागले. मुले अभ्यासाला बसू लागली, घरात बोलणे सुरू झाले.

यातील मर्म ध्यानी घेण्याजोगे आहे. एकट्या घराने टीव्ही बंद केला तर शेजारचा आवाज भिंतीतून ऐकू येतो आणि मुले तिकडे धावतात. साऱ्या गावाने एकाच वेळी बंद केला म्हणजे कोणालाच काही गमावल्यासारखे वाटत नाही. घरची शांतता ही अशी गावाच्या एकोप्यावर उभी असते.

देणगीदारांनी उदार हस्ते धन दिले, कारागिरांनी घाम गाळला. आता प्रत्येक घराने थोडा वेळ द्यावयाचा आहे. आरती होताच मंडपाला कुलूप लागले, तर नवी फरशी सणावारापुरतीच उरेल. रोज सांजेला तेथे दिवा व सतरंजी असावी, आजोबांनी नातवाला गोष्ट सांगावी, सुनेने सासूसह भजनाला बसावे, एकाकी माणसाला हाक मारून बोलवावे. तेव्हाच हा जीर्णोद्धार पूर्ण झाला असे म्हणता येईल.

श्रीचरणी हीच प्रार्थना.