कामगाराचे आरोग्य आणि मालकाचा हिशेब
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला धम्मावर बोलावे, कंपनीचा विषय कशाला काढता, असे कुणाला वाटेल. पण सकाळी सहाला आपल्या वस्तीच्या तोंडाशी उभे राहून पाहा. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा अशा सगळ्या बाजूंना माणसे शिफ्टला निघालेली दिसतील. घरटी एक तरी माणूस कंपनीत नाही तर ठेकेदाराकडे आहे. आणि आपल्यातल्या काहींनी कर्ज काढून स्वतःचे छोटे वर्कशॉप टाकले आहे, म्हणजे चार माणसांचे मालक आपल्यातही झालेत. आम्हाला आज या दोघांशीही बोलायचे आहे.

अलीकडे मोठ्या कंपन्यांत ‘वेलनेस प्रोग्रॅम’ निघाले आहेत. योगाचा वर्ग, रक्तातली साखर तपासणे, चालण्याची स्पर्धा, ताणतणावावर व्याख्यान. मालक विचारतो, यात पैसा घातला तर परत काय येते? प्रश्न रास्त आहे. नफ्याचे नाव काढले म्हणून नाक मुरडायचे कारण नाही. सचोटीने धन मिळवू नका, असे तथागतांनी गृहस्थाला कधीच सांगितले नाही.

दीघनिकायातले सिगालोवाद सुत्त आपल्याला माहीत आहे. राजगृहाचा सिगाल रोज सकाळी ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत होता. भगवंतांनी त्याला दिशांचा अर्थ समजावून सांगितला. आईवडील ही पूर्व दिशा, गुरुजन दक्षिण, असे करीत करीत खालची दिशा म्हणजे नोकर-कामगार. ‘खालची’ म्हटले की आपल्याला खटकते, आणि खटकायलाच हवे. पण नीट पाहा, सुत्तात दिशेला नमस्कार करायचा आहे. म्हणजे मालकाने खाली वाकून हात जोडायचे आहेत!

तो नमस्कार कसा करायचा, याच्या पाच गोष्टी सांगितल्या आहेत. ताकद पाहून काम द्यावे. अन्न आणि वेतन द्यावे. आजारपणात काळजी घ्यावी. चांगलेचुंगले वाटून खावे. वेळच्या वेळी सुट्टी द्यावी. आणि पुढे लगेच सांगितले आहे की असा सांभाळलेला माणूस मालकाच्या आधी उठतो, नंतर झोपतो, दिलेले तेवढेच घेतो, काम चांगले करतो आणि बाहेर मालकाचे नाव चांगले घेतो. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा चोख व्यवहार आहे. हजेरी, चोरी न होणे, मालाची प्रत, कंपनीचे नाव, सगळे त्यात आले. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मालक आणि सेवक यांच्या विनयाला मुद्दाम जागा दिली आहे.

आमच्या मते यात क्रमाला फार महत्त्व आहे. पहिली गोष्ट ताकदीप्रमाणे काम. व्याख्यान कुठेच नाही.

हे नुसते पोथीतले नाही. दीक्षाभूमीच्या नागपुरातच जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. लोक कामावर टिकत नसत, खाडे फार. जमशेटजींनी हवा खेळती आणि दमट ठेवणारी यंत्रे बसवली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी काढला, १८९५ मध्ये अपघाताच्या भरपाईची सोय केली. तेव्हा तसा कायदाही नव्हता. ती गिरणी अनेक वर्षे उत्तम नफ्यात चालली. आज ती बंद आहे, पण बंद पडायची कारणे वेगळी आहेत.

अर्थात सगळे मालक जमशेटजी नसतात, आणि सगळे कामगारही एका पंगतीत नसतात. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत. का, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ आडवा येई. जास्त मजुरी त्याच खात्यात होती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. म्हणून कामगार-कल्याण म्हटले की ते कुणाकुणाला मिळते, हे आपण आधी विचारतो.

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ करणारी दुरुस्ती १९४६ ची. त्यांच्याच काळात प्रा. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचे काम सोपवले गेले, १९४४ मध्ये अहवाल आला, १९४८ मध्ये राज्य कामगार विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. ज्याला आपण ‘ईएसआय’ म्हणतो तो हाच. देशातला खरा वेलनेस प्रोग्रॅम आम्ही यालाच म्हणतो.

त्याचा हिशेब मालक मंडळींनी ऐकावा. जुलै २०१९ च्या दरांप्रमाणे मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५ टक्के. पंधरा हजार पगारावर मालकाचे साधारण ४८८ रुपये, कामगाराचे ११३. त्यात घरच्यांसह उपचार येतो. अटी पुऱ्या असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन, बाळंतपणाला २६ आठवडे. कामावर इजा होऊन काही काळ काम करता आले नाही तर साधारण ९० टक्के. आता सीएनसीवर बसलेला कसबी माणूस महिनाभर अंगावर दुखणे काढत राहिला तर किती जॉब रिजेक्ट होतात, नवा माणूस तयार व्हायला किती दिवस जातात, हे वर्कशॉपवाल्याला आम्ही सांगायला नको. तरी ४८८ रुपये वाचवायला जाणारे आपल्यातही आहेत, हे बोलल्याशिवाय राहवत नाही.

आणि व्याख्याने-स्पर्धांचे काय? अमेरिकेत आधी असा अभ्यास निघाला की एक डॉलर घातला तर औषधोपचारात तीनाहून जास्त वाचतात. २०१० ची ही गोष्ट. सगळ्यांनी ती उचलली. मग २०१९ मध्ये एका मोठ्या दुकान-साखळीतल्या जवळपास ३३ हजार कर्मचाऱ्यांवर नीट तुलना करून पाहिले. दीड वर्षाने लोक व्यायामाचे थोडे जास्त सांगू लागले होते, पण खर्च, खाडे, रक्तदाब यांत ठळक फरक नव्हता. आम्हाला याचे नवल वाटत नाही. माणूस बारा तास उभा ठेवायचा आणि जेवणाच्या सुट्टीत त्याला ताण कसा घालवावा ते शिकवायचे!

ध्यानाला आमचा विरोध मुळीच नाही. विहारात आनापान होते, ते व्हावेच. पण आनापान हे डबल शिफ्टवरचे मलम नव्हे. आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो, असे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१ मध्ये सांगितले. इकडे सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यात दिवसाचे कमाल तास ९ वरून १२ करायला मान्यता दिली. आठवड्याचे तास कागदावर तेवढेच राहतील म्हणतात. कागदावर.

३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजमध्ये हातमोजे बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली. आत झोपलेले सहा कामगार गेले. परगावचा माणूस, त्याला झोपायला जागा नाही, म्हणून तो यंत्रापाशी झोपतो. अशा ठिकाणी साखर तपासून काय करणार? आधी बाहेर पडायला दुसरे दार पाहिजे.

ठेक्याच्या माणसाचे दुखणे तर सगळ्यांना ठाऊक आहे. एकाच लाइनवर उभे, पण कॅन्टीन वेगळे, बस वेगळी, तपासणी शिबिरात नाव नाही. ज्यांच्या आजोबांना धोट्याला हात लावू दिला नाही, त्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यात शंभर किंवा अधिक कामगार असले की कॅन्टीनची तरतूद आहे आणि त्या शंभरांत ठेक्याची माणसेही मोजायची आहेत. बाकी संहितांबद्दल कामगार संघटनांच्या तक्रारी पुष्कळ आहेत, त्या खोट्या नाहीत. पण जे कलम कामाचे आहे ते हातचे सोडू नये.

तर येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात एक टेबल मांडून बसणार आहोत. ज्यांच्या पगारातून विम्याचे पैसे कापले जातात पण विमा क्रमांक हातात नाही, त्यांनी पगारपत्रक आणि आधार कार्ड घेऊन यावे. घरकाम, बांधकाम करणाऱ्या भगिनींनीही यावे, त्यांच्यासाठी वेगळ्या योजना आहेत, अर्ज आम्ही भरून देऊ. आणि वर्कशॉपवाल्यांनी तर नक्की यावे. दहा माणसे झाली की नोंदणी कशी करायची ते तिथेच सांगू. चहा समितीतर्फे आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.