तीन चाकांची निगा

दोन चाकांच्या वाहनाचा तोल चालविणारा सांभाळतो आणि चार चाकांच्या वाहनाचा तोल त्याची चाके सांभाळतात. तीन चाकांच्या रिक्षेची गोष्ट ह्या दोहोंहून निराळी आहे. उभी असताना ती स्थिर असते, सरळ रस्त्याने जातानाही स्थिर असते; परंतु वेगाने वळताना तिचा भरवसा चालकाच्या कौशल्याइतकाच तिच्या ब्रेकवर, टायरवर आणि बेअरिंगवर असतो. म्हणूनच रिक्षेची निगा हा केवळ काटकसरीचा विषय नाही.

रिक्षा ही स्कूटरच्याच घराण्यातली. इटलीतील पियाजिओ कंपनीने 1946 मध्ये ‘व्हेस्पा’ म्हणजे गांधीलमाशी ह्या नावाची स्कूटर बाजारात आणली. तिचे रचनाकार कोर्रादिनो दास्कानिओ. पुढे 1948 मध्ये त्याच स्कूटरला मागे दोन चाके देऊन ‘आपे’ म्हणजे मधमाशी हे मालवाहू वाहन तयार झाले. स्कूटरचे हँडल, मुठीतले गिअर, लहान चाके आणि लहान इंजिन हा वारसा रिक्षेने पुढे चालविला. यंत्र साधे राहिले, दुरुस्ती सोपी राहिली. मात्र ज्या जातीच्या यंत्राने मुळात दोघांना वाहून न्यायचे, त्याने चालकासह चौघांना, आणि शाळेच्या वेळी त्याहूनही अधिक जणांना, दिवसभर वाहून न्यावे अशी अपेक्षा निर्माण झाली.

बडोदे असो, इंदूर असो, बेळगाव असो की हैदराबाद असो, रिक्षाचालकाची अडचण बहुधा एकच असते. कर्जाचा हप्ता किंवा मालकाचे रोजचे भाडे चुकत नाही. आणि रिक्षा गॅरेजमध्ये उभी राहिली, तर त्या दिवसाची कमाईही उभी राहते. तेव्हा कोणता खर्च आज करावा आणि कोणता पुढच्या महिन्यावर ढकलावा, ही निवड त्याला वारंवार करावी लागते. ही निवड पुष्कळदा आवाजावरून केली जाते. जे खडखडते ते आधी दुरुस्त होते आणि जे गुपचूप झिजते ते राहून जाते. वस्तुतः कसोटी निराळी हवी. जो भाग बिघडल्यास रिक्षा बंद पडते, त्याचा खर्च प्रसंगी चार दिवस थांबू शकतो. जो भाग बिघडल्यास रिक्षा थांबतच नाही किंवा वळतच नाही, त्याचा खर्च एक दिवसही थांबू शकत नाही.

ह्या कसोटीने पाहिल्यास पहिला मान ब्रेकचा. मागच्या दोन चाकांपैकी एकाचे लायनर अधिक झिजले, किंवा सील फुटून ड्रममध्ये तेल उतरले, तर ते चाक कमी धरते आणि रिक्षा दुसऱ्या बाजूला ओढली जाते. चालक नकळत हँडल उलट दाबून ही खोड सांभाळू लागतो, आणि काही दिवसांनी ती खोड आहे हेही विसरतो. कोरड्या रस्त्यावर हे निभून जाते. पहिल्या पावसात, वळणावर, भरलेल्या रिक्षेत ते निभत नाही; कारण वळताना ब्रेक दाबला की भार पुढे आणि बाहेरच्या अंगाला सरकतो, आणि तिथे आधाराला एकच चाक असते. ज्या रिक्षेला पायाचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो, तिच्यातील ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते. ते केवळ वर भरत राहणे पुरेसे नसून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलणे आवश्यक असते.

दुसरी गोष्ट टायरची. दुचाकी रस्त्यावर एक रेघ ओढीत जाते, मोटार दोन रेघा ओढते, रिक्षा मात्र तीन. मोटारचालक खड्डा दोन चाकांच्या मधून काढू शकतो. रिक्षेचे पुढचे चाक नेमके त्याच मधल्या खड्ड्यात उतरते. त्यामुळे पुढच्या चाकाचे बेअरिंग, स्टिअरिंगच्या खांबाची बेअरिंगे आणि शॉक अॅब्सॉर्बर ह्यांवर आघात अधिक होतात. चाक जमिनीवरून उचलून हाताने हलविले असता ते लटपटत असेल, तर बेअरिंग बोलू लागले असे समजावे. हवेचा दाबही अंदाजाने, लाथ मारून पाहू नये. पुढच्या आणि मागच्या चाकांचा दाब सारखा नसतो; तो गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि मोजण्यास पैसे लागत नाहीत. स्टेपनीतही हवा आहे ना, हे त्याच वेळी पाहावे.

ह्यानंतर इंजिन. येथे चूक खर्च टाळण्याचीच होते असे नाही. नको तेथे खर्च करण्याचीही होते. टू-स्ट्रोक रिक्षांच्या काळात पेट्रोलमध्ये जितके अधिक तेल, तितके इंजिनाचे आयुष्य अधिक, अशी समजूत पसरली होती. परिणाम उलट झाला. जादा तेल जळून निळा धूर निघाला, प्लग काळा पडला, सायलेन्सरमध्ये काजळी साचली आणि इंजिनाचा जोर घटला. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रश्न तेल घालण्याचा नसून बदलण्याचा आहे. काळे, पातळ झालेले तेल आणखी एक महिना चालविल्याने जे वाचते, त्याच्या कित्येक पट पिस्टन व रिंगच्या कामाला जाते. धुळीच्या रस्त्यावर चालणाऱ्या रिक्षेचा एअर फिल्टर पुस्तिकेतील मुदतीपूर्वीच साफ करावा लागतो.

सीएनजीवर चालणाऱ्या रिक्षेत आणखी एक बाब येते. तिच्या टाकीत वायू सुमारे 200 बार, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट दाबाने भरलेला असतो. ह्या टाकीची दर तीन वर्षांनी अधिकृत केंद्रात तपासणी करून घ्यावी लागते. तपासणीच्या काळात रिक्षा बंद राहते, म्हणून ती लांबणीवर टाकण्याचा मोह होतो. परंतु गंजाने पातळ झालेला पत्रा बाहेरून सांगत नाही. वायूचा वास आल्यास टाकीची चावी बंद करावी, रिक्षा मोकळ्यावर न्यावी आणि गळती साबणाच्या पाण्याने शोधावी. काडी ओढून पाहण्याचा विचारही मनात आणू नये.

आता ग्वाल्हेर-इंदूरच्या रस्त्यांवर विजेच्या रिक्षाही धावू लागल्या आहेत. त्यांना इंजिन नाही म्हणून निगाही नाही, असा समज होऊ नये. शिसे-आम्लाच्या बॅटरीत नळाचे पाणी घातल्यास क्षारांमुळे तिचे आयुष्य घटते. तिथे डिस्टिल्ड वॉटरच हवे. आणि ब्रेक, टायर, बेअरिंग ह्यांचा कायदा त्यांनाही तोच लागू आहे.

मग कोठे वाचवावे? वाचविण्याच्या जागाही आहेत. सीटचे आवरण साधे चालेल, हूडला ठिगळ चालेल, रंगकाम पुढच्या दिवाळीपर्यंत थांबेल. लायनर, टायर, केबल आणि वायूची नळी मात्र स्वस्तातली नको. सकाळी रिक्षा बाहेर काढण्यापूर्वी पाच मिनिटे द्यावीत: हवा, तेल, दिवे, केबलींचे ताण, आणि गल्लीतच हळू वेगात एकदा ब्रेक दाबून रिक्षा सरळ थांबते की ओढते ह्याची परीक्षा. तेल कधी बदलले, लायनर कधी टाकले, ह्याची नोंद एका लहान वहीत ठेवावी. स्मरणशक्ती सोयीस्कर तेवढेच सांगते.

रिक्षेत बसणारा प्रवासी भाडे विचारतो, मीटर पाहतो; ब्रेक कसे आहेत हे तो विचारत नाही. सकाळी दप्तरे घेऊन बसणारी मुले तर काहीच विचारीत नाहीत. त्यांच्या वतीने तो प्रश्न रोज सकाळी चालकाने स्वतःलाच विचारावयाचा असतो.