पाळलेल्या बदकाला नवे घर

बाजारातून बदकाची चार पिवळी पिल्ले आणली की घरातली मुले हरखून जातात. एखाद्या शाळेतही हौसेने पाळली जातात. पण दोन-तीन महिन्यांत तीच पिल्ले मोठी होतात, अंगणभर चिखल करतात, पहाटेपासून ओरडतात. त्यातच उन्हाळ्याची सुटी लागते, गुरुजी आपल्या गावी निघतात, आणि कोणीतरी सुचवते, "द्या की तळ्यात सोडून! पाण्याचाच पक्षी तो."

तेवढे मात्र करू नका. आपली बहुतेक पाळीव बदके मॅलार्ड नावाच्या रानबदकापासून निपजली. पण पिढ्यान् पिढ्या माणसाजवळ राहून ती अंगाने जड झाली. लांब उडणे त्यांना जमत नाही. पांढरे बदक तर दुरूनही नजरेत भरते. रात्री काठावर बसले, की कोल्हा नाहीतर गावातलेच कुत्रे त्याचा फडशा पाडते.

मग द्यायचे कोणाला? ज्याच्याकडे आधीच बदके आहेत, त्याला. बदक हा कळपातला जीव. एकटे राहिले की झुरते. मात्र देण्याआधी नर-मादी ओळखा. मादी खणखणीत ओरडते, नराचा आवाज बसका असतो आणि त्याच्या शेपटीवर वळलेले पीस दिसते. (मस्कोव्ही जातीला ही खूण लागू नाही.) एका नरामागे पाच-सहा माद्या असाव्यात. नर जास्त झाले तर माद्यांचे हाल होतात. नुसत्या कोंबड्यांच्या खुराड्यात तर नर मुळीच देऊ नका. तो त्यांना जखमी करतो.

घेणाऱ्याकडे एकदा स्वतः जाऊन या. रात्री कोंडायची जागा मुंगूस शिरणार नाही अशी आहे का? तळे नसले तरी चालेल, पण डोके पूर्ण बुडेल इतके खोल घमेले हवेच. त्याशिवाय बदकाला डोळे नि नाकपुड्या धुता येत नाहीत. आणि "कापणार का?" हेही सरळ विचारा. विचारायला अवघड वाटते खरे, पण मुलांना मागाहून कळण्यापेक्षा ते बरे.

भातवाल्या शेतकऱ्याला बदके उपयोगी पडतात. रोपे मुळे धरून उभी राहिली की ती खाचरात गोगलगायी आणि किडे वेचतात. लोंबी येऊ लागली की मात्र बाहेर काढावी लागतात, आणि औषध फवारलेल्या खाचरात त्यांना सोडता येत नाही.

रोगाचेही भान हवे. २००६ साली नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूची साथ आली होती. बदक वरून धडधाकट दिसते, तरी त्याच्या अंगात हा विषाणू असू शकतो. आसपास पक्षी मरत असतील तर देवघेव थांबवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. एरवीही नवे बदक दोन-तीन आठवडे वेगळे ठेवायला सांगा. तेवढ्यात त्याला जागेची सवय होते, आणि मग सोडले तरी संध्याकाळी ते परत येते.

नेताना पाय धरून उचलू नका. पाय नाजूक असतो, चटकन दुखावतो. पंख अंगाशी दाबून दोन्ही हातांनी उचला, पेंढा घातलेल्या हवेशीर डालग्यात ठेवा आणि उन्हाच्या आत पोचवा. रोजच्या खाण्यातले चार दिवसांचे सोबत द्या. मादी बहुधा पहाटे अंडी घालते, तेव्हा तिला नऊच्या सुमारास बाहेर काढा, असे नव्या धन्याला सांगून ठेवा. नाहीतर अंडी तळ्याकाठी शोधत बसावे लागेल.